नानाकाकांच्या होडीचा नारळ

नारळाचंच निघालंय तर आमच्या पालघरच्या नानाकाकांचा नारळ ऐका. एकोणीसशे पासष्ट-सहासष्टच्या सुमाराची गोष्ट. काकांनी जुनी मोटार विकली आणि रिकाम्या गॅरेजात चक्क शिडाची होडी बांधायला घेतली. लाकूड कुठलं? तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर खोक्यांतून यंत्रं यायची ना, त्या खोक्यांच्या फळ्या!

काकू रोज कळवळून सांगायची, "अहो, तुम्हाला पोहता येत नाही."

"म्हणून तर होडी बांधतोय!"

झाली एकदाची होडी. सातपाटीहून मासळी घेऊन येणारी जानकीबाई म्हणाली, "नाना, होडीच्या टोकाला नारळ फोडल्याबिगर पाण्यात घालायची नाय हां."

काकांनी गॅरेजातच नारळ आपटला. फुटेना. काका इरेला पेटले. दोन्ही हातांनी असा हाणला की काडकन आवाज आला. आम्ही टाळ्या पिटल्या. बघतो तर नारळ शाबूत आणि होडीची फळी उभी चिरलेली!

"मेल्यानं होडी फोडली माझी!" काका नारळ भिरकावणार, तेवढ्यात काकूनं तो हिसकावून घेतला, पदरानं पुसला आणि थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.

"याला कुणी हात लावायचा नाही," ती म्हणाली, "माझं कुंकू राखलंय यानं."