आक्कांचा समुद्र

बोरगावात डिझायनरला कसलं काम मिळतं म्हणता? माझं पहिलं गिऱ्हाईक ऐका. अहमदाबादेहून शिकून आले तेव्हा शपथच घेतली होती, फोटोमागे खोटे देखावे लावायचे नाहीत. आणि शेजारच्या आक्का स्वतःचा नि त्यांच्या नवऱ्याचा, अण्णांचा, अंगणातला फोटो घेऊन हजर.

“आमास्नी समुद्रावर उभं कर गं.”

“आक्का, खोटं कशाला? खरंच जाऊन या की.”

“ह्ये म्हशी सोडून हलत्यात व्हय? लगीन झाल्यापास्नं म्हणतीया मी, एकदा समुद्र दावा.”

माझी शपथ तिथंच विरघळली. दुपारभर लाटा जुळवत बसले. पंख्याचा आवाजसुद्धा समुद्रासारखा वाटायला लागला. दोघांना घोटाभर नितळ पाण्यात उभं केलं, आक्कांच्या पदरात थोडा वारा भरला.

संध्याकाळी दोघं आले. अण्णांनी स्क्रीनकडं बघितलं.

“काय खुळं हाय हे! मी कवा गेलतो तिथं?”

आक्कांचा चेहरा उतरला. मी फोटो बंद करायला गेले, तर अण्णा म्हणाले, “थांब.” चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि कितीतरी वेळ त्या पाण्याकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले,

“माझ्या पायातल्या चपला तेवढ्या काढ गं. खाऱ्या पाण्यात चामडं टिकत न्हाय.”