दोनशे चौदा नंबरचं घर

(सर्वेक्षणाचं ऑफिस. मॅडम संगणकावर आकडे बसवतात. मावशी घरोघरी जाऊन फॉर्म भरतात.)

मावशी : दोनशे चौदा नंबरचं घर दोन वेळ जेवतं, असं छापलंय तुम्ही. कोण जेवतंय तिथं?

मॅडम : फॉर्म तुम्हीच भरलात ना?

मावशी : मी कोरा दिला होता. कुलूप आहे घराला. माझी धाकटी बहीण राहायची तिथं. गेल्या महिन्यात गेली, आठ दिवसांनी तिचा नवरा. डॉक्टर म्हणाले, ताप. पोटात काही नसलं की तापाचं फावतं.

मॅडम : मला माहीत नव्हतं, मावशी. कोरा फॉर्म आला की प्रोग्राम तशाच दुसऱ्या घराचं उत्तर तिथं लावतो. पत्र्याचं छप्पर, माणसं दोन, गिरणीतलं काम सुटलेलं.

मावशी : कुणाचं लावलं?

मॅडम : बघते. एकशे नव्वद नंबर.

मावशी : ते माझं घर.

मॅडम : मग तुम्हीच दोन वेळ लिहिलंय की.

मावशी : लिहिलंय. शेजारी सुपरवायझर उभा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मॅडम : खरं किती?

मावशी : एक वेळ. तेही जेवणाच्या केंद्रावरचं.

मॅडम : तुमचं उत्तर नऊ कोऱ्या घरांना लागलंय.

मावशी : नऊही रिकामी आहेत. कुणी गेलं, कुणी वस्ती सोडली. फॉर्मात मेलेल्यांचा रकानाच नाही, मी खूण कुठं करू?

मॅडम : दर शंभरातली वीस घरं एकच वेळ जेवत असतील, तरच जेवणाचं केंद्र चालू राहणार. आपली भरली एकोणीस. महिनाअखेर बंद. दुरुस्ती उद्यापर्यंत चालते.

मावशी : मग करा. माझं एक वेळ लिहा, अन् ती नऊ घरं काढून टाका. मेलेल्यांच्या ताटात कशाला वाढता?

मॅडम : थांबा... एकोणीस पूर्णांक नऊ.

मावशी : म्हणजे?

मॅडम : बंदच. एका घरानं हुकलं.

मावशी : आणि नाही काढली तर?

मॅडम : तुमचं एक वेळ त्या नऊंनाही लागेल. बावीस होतात. केंद्र वाचतं.

मावशी : मग राहू द्या.

मॅडम : ती माणसं नाहीत, हे आता मला कळलंय. खाली सही माझी असते, मावशी.

मावशी : कळलं नव्हतं तेव्हा दोन वेळ जेवू घातलंत की त्यांना. रोज सकाळी अकरापासून म्हातारी माणसं डबे घेऊन रांगेत बसतात. पहिल्या तारखेला त्यांना सांगायला तुम्ही याल?

मॅडम : तुमच्या बहिणीला उपाशी दाखवावं लागेल. चालेल तुम्हाला?

मावशी : दाखवा. जिवंतपणी उपाशी आहे असं माझ्यापाशीसुद्धा कधी बोलली नाही ती.