न दिसणारा ठिपका

नाई वो ताई, व्हायरस-गियरस कायी नसते त्यात. तुमी तिकडून आवाज देला, 'चित्रं दाखवू काय म्हनून इचारते', मी इथून म्हनलो दाबा — उघडलं ना मेल? आता चित्र कायी दिसत नाई म्हनता. नाईच दिसनार! बसा, प्रिंटर चालू होतवर सांगतो. मी देवानंद. बारा वर्सांपासून अकोल्यात, या जुन्या शहरात, हे इंटरनेटचं सेंटर चालोतो, अन् क्लासवाल्याइचे, बियान्याच्या दुकानवाल्याइचे मेल मीच पाठोतो. त्या मेलात एक चित्र राहते — ठिपका म्हना, तिळाहून बारीक, रंगच नाई त्याले. अन् ते मेलात नसतेच, दूर आपल्या कम्प्युटरवर ठेवलं राहते. मेल उघडलं का समोरच्याचा फोन ते मांगाले येते — 'द्या बावा तुमचं चित्र' — अन् मांगता मांगता आपला पत्ता ठेवून जाते. किती वाजता आला, फोन व्हता का कम्प्युटर, कोन्या इंटरनेटच्या लाइनीवरून. हरेकाले येगळा ठिपका, म्हनून कोन आलं तेही समजते. गाव कधी चुकते म्हना, धारनीचा मानूस अमरावतीत दाखोते — पन लाइनीचा नंबर चुकत नाई.

डोये काहून लाल झाले तुमचे? स्कार्फ सोडा ना जरा, ऊन लय हाय. पंखा इकडे फिरोतो.

परवा तं न्यारंच काम आलं. हिवरखेडचा श्याम — फुलाइचं वावर हाय त्याइचं, झेंडू लावतात. त्याची बहीन रागिणी चार महिने झाले घरून निंघून गेली, मनानं लगन केलं. फोन बंद, ठिकाना नाई. फक्त मेल हाय. दोन साधे मेल टाकून पाह्यले, पोट्टीनं हातच लावला नाई. हुशार हाय! मंग अक्कल मीच देली — म्हनलं, असं लिवतो का तिले उघडाच लागन. 'माय गेली, तेरवी सोमवारी.' अन् खाली ठिपका. मायले काय झालं? कायी नाई वो! पार्बताबाई काल वावरात झेंडू तोडून राहिली व्हती, मी फोनात आवाज ऐकला तिचा. श्याम म्हने, समजावून आनतो घरी. गाडीत शीटखाली कोयता दिसला मले, नाई म्हनत नाई — पन फुलवाला मानूस, राहतेच त्याइच्यापाशी. आपल्याले काय करा लागते? मी इचारलं नाई. इचारलं असतं तं — जाऊ द्या.

थांबा, टुन वाजलं. पाहा नशीब! उघडलं तिनं. अकरा वाजून वीस मिनिटं, पाचच मिनिटं झाले, निरोप जरा उशिरा येते — कम्प्युटरवरून. गाव... अकोला. अकोल्यातच हाय म्हना ना. अन् लाइनीचा नंबर... हा तं... हा नंबर मले पाठ हाय. लाइन बंद पडली का मी हाच सांगतो कंपनीवाल्याइले. हा तं माया दुकानाचा.

ताई. तीन नंबरच्या मशीनवर तुमीच बसल्या व्हत्या ना?

रडू नको. अवो पोरी, माय हाय तुही, चांगली हाय — ते मी लिवलं व्हतं, मीच, या हातानं. ऊठ आता. प्रिंट राहू दे. हाच निरोप श्यामच्या फोनवरही जाते, तसंच करून मांगतलं त्यानं, अन् दुकानाचा नंबर त्याले ठाऊक हाय, इथूनच उघडून दाखोलं व्हतं मी — अन् तो सकायपासून इथंच फुलबाजारात हाय, पुलापल्ल्याड. तिकडे जाऊ नको. मांगच्या गल्लीतून जाय. माया तोंडाकडे काय पाहून राहिली? जाय म्हनलं ना!

...हो, श्यामभाऊ, बोला. दुकानात? नाई वो, कोनीच नाई. मशीन चुकली असन, चुकते ते. कोन येते इतक्या उन्हात... श्यामभाऊ, तुमी हाय कुठं? हा हार्न — फोनातही वाजून राहिला, अन् दारातही.