पिवळा स्टिकर

— थांब, थांब! ती पक्कड आधी खाली ठेव. आणि आजी काय आजी? ताई म्हण. बरं, ताई जड जात असेल तर मावशी म्हण, तडजोड करू. जिन्याखालच्या एवढ्या मीटरांतलं नेमकं माझंच बरं सापडलं तुला! बिल राहिलंय, मी कुठे नाही म्हणतेय — आलं होतं, टेबलाच्या खणात ठेवलं, मग दुसरं आलं, तेही ठेवलं. वाचलं का नाही? अरे, इतकं बारीक छापता तुम्ही, मुंगीलाही चष्मा लागेल! नाही, मला नाही चष्मा. म्हणजे आहे, पण तो कुणी नसताना लावायचा. आणि कुणी कधी येईल ते सांगता येतं का?

कोण येणार म्हणजे? कुणी नाही. वरच्या मजल्यावरचे कप्तान येतात, संध्याकाळी, चहाला. जहाजबिहाज काही नाही हं — जन्मभर पोस्टात शिक्के मारले, पण चालतात असे ताठ की सगळी बिल्डिंग कप्तानच म्हणते. एकाहत्तरचे आहेत. त्यांनी आपणहून सांगितलं — म्हणजे मी विचारलं, मग त्यांनी आपणहून सांगितलं. मग त्यांनी माझं विचारलं. मी म्हटलं, तुमच्याहून थोडी लहान. थोडी म्हणजे किती, ते त्यांनी विचारलं नाही. सभ्य आहेत हो फार!

मुद्द्यावर येऊ? हाच तर मुद्दा! मुलगा माझा दुसऱ्या शहरात. रोज फोन करतो. त्याचं म्हणणं, एकटी राहा, पण एक जरी गोष्ट बिघडली, तर गाडी घेऊन येईन आणि सामानासकट घेऊन जाईन. मागे नळ उघडा राहिला होता, ते कळू दिलं नाही — कप्तानांनी फरशी पुसली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून. आता तू वीज तोडलीस की फोन चार्ज होणार नाही, फोन लागला नाही की तो निघालाच म्हणून समज. वाईट नाहीत रे ती दोघं. सून तर इतकी चांगली आहे की भीतीच वाटते — मऊ खुर्चीत बसवेल आणि चमच्यालाही हात लावू देणार नाही. मला माझा चमचा हवा आहे.

काय म्हणालास? पंचाहत्तरच्या पुढचं माणूस एकटं राहत असेल तर वीज अशी तोडता येत नाही? मीटरवर पिवळा स्टिकर असतो? माहीत आहे मला. होता. तुमच्याच ऑफिसातली मुलगी लावून गेली, बोटभर अक्षरांत — 'वृद्ध ग्राहक'! ज्येष्ठ म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? आणि लावला कुठे, तर येण्याजाण्याच्या वाटेवर! कप्तान सकाळी दूध आणायला इथूनच उतरतात. गरम पाण्याचं फडकं लावून लावून काढला मी, राहिलेला कोपरा नखाने खरवडला. हात लाव, अजून चिकट लागेल.

स्टिकर घरात आहे ना, फ्रिजच्या मागे, तोंड भिंतीकडे करून ठेवलाय. आणायला गेले की तू मागे कापशील. वय तोंडी सांगितलं तर चालेल? सांगते. इकडे ये, वरचं दार किलकिलं आहे. एकोणऐंशी. काय? अरे, पाण्याच्या पंपाचा आवाज आहे तर मी काय करू? ते हेल्मेट काढ ना! मोठ्याने नाही सांगणार. नाही म्हणजे नाही — अरे, अरे, पक्कड काय उचलतोस — एकोणऐंशी! एकोणऐंशी पूर्ण झाली मला! झालं समाधान? आणि हा मेला पंप आत्ताच बंद व्हायचा होता!

अगंबाई. कप्तान. केव्हापासून उभे आहात तुम्ही? — हातात काय आहे? पिवळं? तुमचाही? — माझ्या मीटरवर लावायला आणलात? — आणि तुम्ही तो काढलात कशाने? हेअर ड्रायरने? कुणाच्या केसांसाठी घेतला होता तो? — चौऱ्याऐंशी? मला तर एकाहत्तर सांगितलंत! तेरा वर्षं गिळलीत आणि ढेकरही दिला नाहीत? आणि मी इथे थोड्याशासाठी जीव टांगणीला लावून बसले होते!

हसू नकोस रे तू. तो स्टिकर यांच्याच मीटरवर लाव, सरळ लाव. माझा मी आणते. हो, म्हण आता आजी, आता कुणापासून लपवायचं? बिलाचंही बघते, कप्तान वाचून दाखवतील. दाखवाल ना? — तुम्हालाही दिसत नाही? मग रोज पेपर समोर धरून काय करत होतात?

बरं, तूच चल वर. खणातलं सगळं वाचून दाखव. नाही, चहा नाही मिळायचा — तो दोघांपुरताच आहे. वाच आणि जा.