पाचवं लायसन्स

लायसन्सवरून आठवलं. बाभुळगावच्या आमच्या बियाण्याच्या दुकानात बिलाच्या सॉफ्टवेअरची पाच लायसन्सं आहेत, माणशी एक. कोणी ते उघडलं, की त्याचं नाव यादीत हिरवं होतं.

कॉम्प्युटरवाला म्हणाला, "शेठ, पाचवं फुकट चाललं. रोज दहाले कोणी पुण्याहून उघडते अन् कामच करत नाही. काटून टाकू?"

नाव पाहिलं, तर माझी लेक! लग्नाआधी बिलं तीच करायची. लगेच फोन लावला.

"काहून उघडून राह्यली वं, बाई?"

"बाबा, तुमचं नाव हिरवं दिसलं की समजते, तुम्ही दुकानात आले. मंग बंद करते."

कॉम्प्युटरवाल्याला म्हटलं, "राहू दे, बाप्पा."

आता रविवारी दुकान बंद असलं, तरी मी दहाला जाऊन कॉम्प्युटर लावतो. यादीत तेव्हा दोनच नावं हिरवी असतात.