तिघींची गर्दी

चौकटी करून देणाऱ्या दुकानात माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. थोरली चित्रकार असावी. शाईने पूर्ण केलेलं चित्र तिने काउंटरवर उलगडलं आणि धाकटी त्यावर वाकली.

“ताई, हेच लागणार आईच्या खोलीत?”

“हेच. गिऱ्हाइकाचं नाही, माझ्या मनाचं काम आहे.”

“आणि मी कुठे आहे? कच्च्या चित्रात तू आईच्या उजवीकडे होतीस, मी डावीकडे. मी पाहिलं होतं.”

“शाईने पक्कं करताना गर्दी वाटायला लागली.”

“तिघींची गर्दी?”

“शेंडेफळ म्हणून आयुष्यभर तिची मांडी अडवलीस. एका कागदावर नसलीस तर काय बिघडलं?”

“म्हणजे रबराने पुसून टाकलंस मला.”

“हलक्या हाताने पुसलं. नाहीतर कागद खराब होतो.”

“मग आईचा हा डावा हात कुणाच्या डोक्यावर आहे?”

“दिसतंय मला.”

“हवेवर हात ठेवून बसलीय बिचारी. खाली मांडीवर घ्यायचास ना.”

“घेऊन पाहिला, कितीदा तरी. मग ती आई वाटतच नाही.”