मास्तरांच्या हजेरीतलं बारावं नाव

पाद्रीसाहेब, रूथवहिनी, इब्राहिमभाई आणि मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला बोलायला कुणी सांगितलेलं नाही. मीच उभा राहिलोय. बोलल्याशिवाय बसणार नाही. पाद्रीसाहेब, तुम्हाला मराठी कळत नाही. उद्या तुमच्याकडे येऊन हे सगळं इंग्लिशमध्ये सांगेन. एक शब्द गाळणार नाही.

बुधवारी रूथवहिनींचे यजमान, आपले शांतवन मास्तर गेले. काल आपण त्यांना माती दिली. मास्तर म्हणायचो, पण होते कंपनीचे स्टोअरकीपर. दिवसभर नटबोल्ट मोजायचे. दुबईच्या या भागात वीज नव्हती तेव्हापासून दर शुक्रवारी, उपासना सुटली की मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. इथेच, इब्राहिमभाईंच्या या गोडाउनमध्ये. याच खोक्यांवर. भाईंच्या जुम्म्याच्या बांगेआधी खलास, एक मिनिट वर नाही. आम्ही अकरा जण होतो. कुणाला दृढीकरणाचा विधी घेऊन मंडळीचं पूर्ण सभासद व्हायचं होतं, कुणाला नुसतंच बायबल समजून घ्यायचं होतं.

वर्गाची रीत आठवते ना? एकाने प्रश्न विचारायचा. मोठ्याने. मग दोन मिनिटं सगळे गप्प. मग मास्तर बोलणार.

मीही विचारला. माझा प्रकाश, तीन महिन्यांचा, तिकडे गावी वारला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. का नव्हता? कारण मीच बायकोला लिहिलं होतं, "थांब, मी लीव्हवर येतो, मग करू. बाप नको का तिथे?" इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी असं लिहिलंय? लीव्ह सँक्शन झाली नाही. तार आली. मी वर्गात विचारलं, "मास्तर, बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या माझ्या पोराला देवाने जवळ घेतलं का?"

दोन मिनिटं झाली. मास्तर म्हणाले, "दानियल, मला माहीत नाही रे."

मला 'हो' पाहिजे होतं. एक 'हो'. खोटं का असेना! मी उठून चालता झालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या मशीनवर पत्र टाइप केलं. होय, ते पत्र. ज्याला असल्या प्रश्नाचं उत्तर येत नाही, त्याने मोठ्यांना शिकवू नये, असं त्यात होतं. खाली चार सह्या. पहिली माझी. बाकीचे तिघे इथेच आहेत. नावं घेणार नाही. जमिनीकडे बघू नका, माझ्याकडे बघा. ते पत्र वाचून पाद्रीसाहेबांनी बिशपसाहेब येईपर्यंत वर्ग बंद केला.

त्यानंतर एकदा खाडी ओलांडताना होडीत मास्तर माझ्यासमोरच बसले. म्हणाले, "तुझ्या प्रश्नावर अजून वाचतोय." मी पाण्याकडे बघत राहिलो. पलीकडचा धक्का येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

वर्ग बंद झाल्यावरही तीन शुक्रवार मास्तर इथे आले. इब्राहिमभाईंनी काल मला सांगितलं. अकरा खोकी मांडायचे आणि एकटे बसायचे. भाई म्हणाले, "मास्तर, कोण येतंय आता?" तर हसून म्हणाले, "येतील. तुम्हीच म्हणता ना, इन्शाल्ला."

आज चौथा शुक्रवार. आज सगळे आलात.

सकाळी रूथवहिनींनी हजेरीची वही माझ्या हातात दिली. ही बघा. अकरा नावं आपली. आणि खाली मास्तरांच्या अक्षरात बारावं, प्रकाश दानियल. मी उठून गेलो त्याच शुक्रवारी लिहिलेलं. आणि शेवटचे तीन शुक्रवार बघा. अकराही नावांपुढे गैरहजर. प्रकाशपुढे हजर. हजर. हजर.

बाप्तिस्मा नाही, म्हणून माझ्या पोराचं नाव कुठल्याच चर्चच्या वहीत चढलं नव्हतं. मी चढू दिलं नव्हतं. ते या माणसाने चढवलं, आणि त्याच्याविरुद्ध मी सही केली.

पाद्रीसाहेब, ती सही मी परत घेतोय. पुढच्या शुक्रवारी खोकी मी मांडणार. परवानगी दिलीत तर उपकार होतील. नाही दिलीत, तरी मांडणार.

आता श्रद्धांजलीला कुणी उभं राहू नका. मास्तरांच्या रीतीने बसूनच राहू या. प्रश्न मी विचारतो.

मास्तर, त्या दिवशी होडीत मी तुमच्याशी बोललो नाही. मला क्षमा आहे का?

दोन मिनिटं. उत्तर कुणी देऊ नका.